गारव्यात थांबणारा डबा

निमगाव केतकीच्या बाजारतळाजवळ बादशाह मुलाणींचं दुकान आहे. पाटीवर अजूनही 'रेडिओ, टेप, पंखे दुरुस्त करून मिळतील, मोटारी भरून मिळतील' असंच लिहिलेलं आहे. रेडिओ आणि टेप घेऊन आता कुणी येत नाही. जळालेल्या पाण्याच्या मोटारी येतात, आणि सत्तरीला टेकलेले बादशाहभाई दुकानाच्या उजव्या बाजूला तांब्याच्या तारेचे वेढे मोजत बसलेले असतात. डाव्या बाजूला त्यांची मुलगी वहिदा बसते. तिच्या टेबलावर पत्त्यांच्या कॅटाएवढे हिरवे बोर्ड पडलेले असतात. तो एकेक बोर्ड म्हणजे एक अख्खा संगणक. मोबाइलमध्ये असते तसलीच चिप, पण स्वस्तातली. पडदा नाही, कळफलक नाही, नखाएवढं मेमरी कार्ड खोचलं की चालू. वहिदा त्याला उष्णता आणि ओलावा मोजणारी यंत्रं जोडते, पत्र्याच्या डब्यात बसवते, आणि तो डबा कुणाच्या रोपांच्या जाळीदार शेडनेटमध्ये, कुणाच्या विहिरीवर नेऊन लावते. इंदापूर तालुक्यात तिचे एकतीस डबे आहेत.

ही वहिदा बारामतीला इलेक्ट्रॉनिक्सची पदविका शिकली. रोज सकाळच्या एसटीनं जायची आणि संध्याकाळच्या एसटीनं यायची. शिक्षण संपलं, लग्न झालं, ती अकलूजला गेली आणि चार वर्षांनी एक बॅग घेऊन परत आली. काय झालं ते तिनं आईला एकदाच सांगितलं, नंतर घरात तो विषय निघाला नाही. आठ दिवसांनी बादशाहभाईंनी दुकानातलं जुनं कपाट मागं सरकवलं, एक टेबल मांडलं, वर एक ट्यूब लावली आणि म्हणाले, "ही बाजू तुझी."

वहिदा सांगते, आयुष्यात मला मिळालेल्या वस्तूंत ते टेबल सगळ्यांत मोठं.

सुरुवातीला ती त्या टेबलावर मोबाइल दुरुस्त करायची. एकदा पदविकेचा दाखला आणायला बारामतीला गेली तेव्हा तिथं राजलक्ष्मी मॅडम भेटल्या. त्यांनी वहिदाला शिकवलं होतं, आणि त्या निवृत्तीला आल्या होत्या. त्यांनी सगळी हकीकत ऐकून घेतली, प्रयोगशाळेच्या कपाटातून एक हिरवा बोर्ड काढला आणि तिच्या हातात ठेवला. म्हणाल्या, हा इथं कुणालाच नीट चालवता आला नाही, तू बघ.

तो का चालत नव्हता हे कळायला वहिदाला चार महिने लागले. असल्या बोर्डावर लिनक्स नावाची प्रणाली चालते. तिचा जो गाभा असतो, जो थेट चिपशी बोलतो, त्याला कर्नल म्हणतात. बोर्ड बनवणारी कंपनी स्वतःचा एक कर्नल देते. त्यात बोर्डाचं सगळं चालतं, पण तो फार जुना असतो, आणि एकदा बोर्ड विकला की कंपनी त्याच्याकडं वळूनही बघत नाही. दुसरा कर्नल जगभरची माणसं मिळून लिहितात. त्याची दर दोन-अडीच महिन्यांनी नवी आवृत्ती निघते. त्यातल्या एखादीला दीर्घ मुदतीची म्हणून निवडतात आणि पुढं कितीतरी वर्षं तिच्या चुका दुरुस्त करत राहतात. पण त्यात एखाद्या स्वस्त बोर्डाचं एक चालतं तर दुसरं चालत नाही. तेव्हा कुठल्या बोर्डाला कुठला कर्नल, ही निवड म्हणजेच निम्मं काम. मॅडमच्या बोर्डाला कंपनीचा कर्नल होता आणि त्याला ओलावा मोजायचं यंत्र ओळखताच येत नव्हतं. वहिदानं दीर्घ मुदतीची ५.१० ही आवृत्ती मूळ कोडपासून स्वतः बांधून त्यावर चढवली, तेव्हा यंत्र बोलायला लागलं.

घरी जेवताना ती हे सांगत होती. बादशाहभाईंनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "हा कर्नल कुठल्या पलटणीतला?"

आई हसली, वहिदा हसली, आणि मग तिनं वडिलांना मोटारीच्या भाषेत समजावून सांगितलं. बाहेरून मोटार कुठल्याही कंपनीची असो, आत वाइंडिंग कसलं आहे त्यावर ती चालणार. बादशाहभाईंना ते एकदम पटलं. पण कर्नल हा शब्द मात्र त्यांनी लष्करातलाच ठेवला. अजूनही ते गिऱ्हाइकाला सांगतात, पोरगी कर्नल बदलायचं काम करते.

पहिला डबा छबूबाई शेंडगे यांच्याकडं लागला. वरकुट्याला त्यांची रोपवाटिका आहे. नवरा गेल्यावर त्यांनीच ती वाढवली. टोमॅटो, ढोबळी मिरची, खरबूज, झेंडू, जे मागाल ते रोप ट्रेमध्ये करून मिळतं. शाळा चौथीपर्यंतच झालेली, पण कुठलं बी किती दिवसांत वर येतं आणि कुठल्या ट्रेला कधी तहान लागते हे त्यांना नुसतं बघून कळतं. त्या फॉगरची मोटार भरून घ्यायला बादशाहभाईंकडं आल्या होत्या. फॉगर म्हणजे शेडनेटमध्ये धुक्यासारखं बारीक पाणी उडवणारी नळी. मोटार होईपर्यंत बसल्या बसल्या त्या वहिदाला म्हणाल्या की गेल्या उन्हाळ्यात त्यांना भाचीच्या लग्नालासुद्धा जाता आलं नाही, कारण दर तासाला फॉगर चालू करायला माणूस लागतो.

वहिदानं त्यांना डबा करून दिला. शेडनेट तापलं की डबा फॉगर चालू करायचा, गार झालं की बंद. डब्याला पुढं एक हिरवा दिवा होता. आतला कर्नल जिवंत आहे तोवर तो दिवा हृदयाच्या ठोक्यासारखा लुकलुकतो, दोन ठोके आणि थोडी उसंत. ही सोय कर्नलमध्येच आहे. छबूबाईंनी त्याला काळीज म्हणायला सुरुवात केली, आणि त्या वर्षी त्या भाचीच्या बाळाच्या बारशाला तीन दिवस राहून आल्या.

एकाचे पाच झाले, पाचाचे पंचवीस. सणसर, निमगाव, वरकुटे, सगळीकडं ५.१० आवृत्तीवर डबे बिनबोभाट चालले.

मग एका हिवाळ्यात बोर्डांची नवी खेप आली. बोर्ड तेच, पण कंपनीनं त्यातली नेटवर्कची चिप बदलली होती आणि ५.१० ला ती ओळखता येत नव्हती. ६.१ या नव्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीत ती चालत होती. वहिदानं नव्या बोर्डांवर ६.१ चढवली. इथवर सगळं ठीक होतं. पण जुन्या डब्यांना एक कर्नल आणि नव्यांना दुसरा, हे तिला खटकायला लागलं. सगळीकडं एकच असावा, आणि असेल तर नवा असावा, म्हणून तिनं दुकानात दोन आठवडे ६.१ चालवून पाहिली. काहीच अडलं नाही. फेब्रुवारीत स्कूटीवर फिरून तिनं पंचवीसच्या पंचवीस जुन्या डब्यांची कार्डं बदलली.

मार्चच्या शेवटी ऊन वाढलं आणि फोन सुरू झाले. डबा मधेच थांबतो, दिवा लुकलुकायचा बंद होतो, वीज काढून परत दिली की चालतो. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एका दुपारी छबूबाईंच्या ढोबळी मिरचीच्या चाळीस ट्रेंनी माना टाकल्या. त्या दुपारी त्या इंदापूरला दवाखान्यात गेल्या होत्या, परत येईपर्यंत डबा बंद आणि फॉगरही बंद. सणसरच्या एका शेतकऱ्यानं ती रोपं सांगून ठेवलेली होती. त्याला छबूबाईंनी स्वतः फोन करून तारीख पुढं ढकलायला लावली.

वहिदा त्याच दिवशी वरकुट्याला गेली. वाळलेल्या ट्रेंकडं तिला बघवेना. ती म्हणाली, चूक माझी आहे, मी न विचारता बदल केला. छबूबाईंनी तिला पाणी दिलं आणि म्हणाल्या, रोपं पुन्हा पेरता येतात, आधी डब्याला काय झालं ते बघ.

वहिदाला वाटलं, उष्णता. दुकानात डबा थांबत नाही, शेडनेटमध्ये थांबतो, म्हणजे चिप तापत असणार. तिनं डब्याला पांढरा रंग दिला, भोकं पाडली, आत एक छोटा पंखा बसवला. पंखा बसवल्यावर डबा जास्तच वेळा थांबायला लागला. हे तिच्या समजुतीत कुठंच बसेना. जुनी ५.१० परत चढवावी तर नवे बोर्ड नेटवर्कशिवाय बसतील. आणि नक्की काय बिघडलंय हे कळल्याशिवाय पुढची कुठलीच आवृत्ती निवडता येणार नव्हती. तात्पुरतं म्हणून तिनं जुन्या डब्यांना ५.१० परत दिली आणि नवे उतरवून ठेवले. त्या फेऱ्यांत तिचे सहा दिवस गेले. छबूबाईंकडं जुना आणि नवा असे दोन डबे होते. त्यातला नवा तसाच राहू दे, मी लक्ष ठेवते, असं त्यांनीच सांगितलं.

बारा दिवसांनी वहिदा गेली तेव्हा छबूबाईंनी पंपघराच्या भिंतीवरचं कॅलेंडर काढून तिच्यापुढं ठेवलं. रोजच्या चौकोनात पेन्सिलीनं बारीक आकडे होते. वर फॉगर चालू झाल्याची वेळ, मधे बंद झाल्याची, आणि खाली एक फुली, काळीज थांबल्याची वेळ. वेळ सांगायला घड्याळ सुनेचं होतं, लिहिणं छबूबाईंचं.

"हे बघ," छबूबाई म्हणाल्या, "तू म्हनतीस उन्हानं बंद पडतंय. उन्हात न्हाय पडत ते. रणरणत्या उन्हात मी हितं बसून बघितलंय, काळीज चालूच असतं. फॉगर झाला, गारवा आला, की मग थांबतं. रोज तसंच हाय."

वहिदानं आकडे पाहिले. बारा दिवसांत सतरा फुल्या, आणि त्यातली एकही भर तापत्या वेळेची नव्हती. प्रत्येक फुली फॉगर चालू झाल्यानंतर पाच ते दहा मिनिटांच्या आतली.

ती त्या कॅलेंडरकडं बघत पंपघराच्या उंबऱ्यावर बसून राहिली. चिप फार तापली की कर्नल तिचा वेग कमी करतो, एवढं तिला माहीत होतं. गार झाली की वेग परत वाढवतो. वेग वाढवायच्या आधी चिपला थोडा जास्त दाब, म्हणजे जास्त व्होल्टेज, द्यावा लागतो. तो दाब पूर्ण चढायच्या आत वेग वाढवला तर चिप जागच्या जागी गोठते. दुकानात चिप कधी तेवढी तापतच नव्हती, म्हणून वेग कमी होत नव्हता, म्हणून वाढतही नव्हता. पंख्यानं ती लवकर गार व्हायची, म्हणून जास्त वेळा थांबायची. सगळं जागेवर बसलं. एवढे दिवस ती तापण्याकडं बघत होती, आणि दुखणं निवण्यात होतं.

आता ते दुकानात घडवून दाखवायचं होतं. मोटारीला वार्निश लावल्यावर ते वाळवायला बादशाहभाईंकडं एक पत्र्याचा खोका होता, आत दोन मोठे बल्ब. वहिदानं तो मागितला. त्यात बोर्ड ठेवायचा, तापवायचा, मग बाहेर काढून पंख्याखाली धरायचा. तिसऱ्याच वेळेला दिवा थांबला. तिला इतका आनंद झाला की बादशाहभाई काम सोडून बघायला आले. बंद पडलेल्या वस्तूवर एवढं खूश होणारं माणूस त्यांनी पन्नास वर्षांत पाहिलं नव्हतं. तीन आठवडे त्यांनी तो खोका मुलीला दिला आणि मोटारी बाहेर उन्हात वाळवल्या.

तीन आठवडे लागले, कारण ५.१० आणि ६.१ यांच्यामध्ये दीड लाखाहून जास्त लहानमोठे बदल होते. त्यातला नेमका एक हुडकायचा होता. लांबलचक पाइपलाइनीत पाणी कुठं अडलंय हे बघायला मधला जॉइंट उघडतात, पाणी तिथवर आलेलं असेल तर पुढच्या अर्ध्यात बघायचं, नसेल तर मागच्या. तसंच इथं. दर वेळी मधला कर्नल घ्यायचा, बांधायचा, खोक्यात तापवायचा, पंख्याखाली धरायचा. तिच्या जुन्या लॅपटॉपवर एक कर्नल बांधायला अर्धा दिवस जाई. अठराव्या खेपेला एकच बदल हातात उरला. व्होल्टेज चढायला किती वेळ थांबायचं, तो आकडा त्या बदलात एका ठिकाणाहून दुसरीकडं हलवला होता, आणि हलवताना तिच्या बोर्डाचा राहून गेला होता.

असल्या चुका जिथं कळवतात त्या ईमेलच्या यादीवर तिनं इंग्रजीत पत्र लिहिलं. चार वेळा खोडलं. आपण निमगावच्या दुकानातून लिहितोय आणि तिकडं मोठमोठी माणसं, ही धास्ती होतीच. शेवटी तिनं खोक्याची सगळी कृती लिहिली, अठराही खेपांचा निकाल लिहिला आणि छबूबाईंच्या कॅलेंडरचा फोटो सोबत जोडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं. युरोपातल्या कुठल्याशा गावी राहणारा एक माणूस कर्नलचा तो भाग सांभाळत होता. त्यानं लिहिलं होतं की चूक त्याच्याच हातून झालेली आहे, आणि एवढी नीट तक्रार त्याला फार दिवसांत आली नव्हती. सोबत तीन ओळींची दुरुस्ती होती. तपासून सांगाल का, असं त्यानं विनंतीनं विचारलं होतं. वहिदानं ते पत्र वडिलांना मराठीत वाचून दाखवलं. बादशाहभाईंनी हातातली तार खाली ठेवली.

"तो चूक माझी म्हणतोय?"

"व्हय अब्बा."

"मग माणूस चांगला हाय," ते म्हणाले, आणि पुन्हा वेढे मोजायला लागले.

दुरुस्ती खोक्यात तीन दिवस टिकली. वरकुट्याच्या शेडनेटमध्ये मेअखेरच्या उन्हात दोन आठवडे टिकली. कॅलेंडरवर एकही फुली पडली नाही. वहिदानं तसं कळवलं, तेव्हा त्या माणसानं एक शेवटची गोष्ट विचारली. दुरुस्तीच्या खाली 'कुणी कळवलं' अशी एक ओळ लिहायची पद्धत आहे, तिथं तुमचं नाव कसं लिहू?

वहिदानं थोडा वेळ विचार केला आणि लिहिलं, तपासणाऱ्याच्या ओळीत माझं नाव घाला. कळवणाऱ्याच्या ओळीत छबूबाई शेंडगे. नावासोबत ईमेलचा पत्ता लागतो, म्हणून तिनं छबूबाईंना फोन करून परवानगी घेतली आणि त्यांच्या नावानं एक पत्ता उघडला. परवानगी देताना छबूबाईंना वाटलं, कसलं तरी सरकारी अनुदान आहे.

जूनमध्ये ती दुरुस्ती मुख्य कर्नलमध्ये गेली, आणि काही दिवसांनी ६.१ च्या दुरुस्त्यांच्या पुढच्या हप्त्यातही उतरली. वहिदा नवी कार्डं घेऊन वरकुट्याला गेली. या वेळी तिनं एकच कार्ड बदललं, बाकीच्यांना महिनाभर थांबायला सांगितलं होतं. मग मोबाइलवर ते पान उघडून तिनं छबूबाईंना ती ओळ दाखवली. इंग्रजी अक्षरं होती. वहिदानं एकेका अक्षरावर बोट ठेवून नाव वाचलं.

छबूबाईंनी चष्मा लावून पाहिलं. "हे कुठं छापलंय?"

वहिदानं सांगितलं की कागदावर नाही, पण जगात जिथं जिथं हा कर्नल आहे तिथं त्याच्या इतिहासात ही ओळ राहणार, कुणाला ती काढता येणार नाही.

"मी काय केलं त्यात? नुसतं बघत बसले."

"मावशी, मी महिनाभर बघत होते, मला दिसलं न्हाय. तुमी बघितलं नसतं तर मी अजून भोकंच पाडत बसले असते."

छबूबाईंनी सुनेला हाक मारली, तिला ते नाव पुन्हा वाचायला लावलं, आणि मग गावाचं नाव का नाही असं विचारलं. पद्धत नाही म्हटल्यावर त्यांना ते फारसं आवडलं नाही.

त्याला आता दोन वर्षं झाली. मधल्या काळात दीर्घ मुदतीची आणखी एक आवृत्ती आली. वहिदानं ती लगेच घेतली नाही. आधी तिनं ती वार्निशच्या खोक्यात घातली, मग वरकुट्याच्या डब्यात, आणि एक पूर्ण उन्हाळा तिथं काढल्यावरच सणसर-निमगावच्या डब्यांकडं वळली. युरोपातला तो माणूस आता त्या चिपसाठी कर्नलमध्ये काही बदल करायचा असला की तिला आधी लिहितो. बारामतीला राजलक्ष्मी मॅडमच्या जागी आलेल्या शिक्षिकेनं तिला वर्षातून दोनदा शिकवायला बोलावलं आहे. तिथं ती मुलामुलींना आवृत्त्यांचे आकडे पाठ करायला लावत नाही. बोर्ड कुठं लागणार, तिथं दुपारी काय होतं, आणि तो बंद पडला तर कुणाचं काय वाळणार, एवढं विचारून मग कर्नल निवडा, असं सांगते.

गेल्या महिन्यात ती त्याहूनही नव्या आवृत्तीचं कार्ड घेऊन वरकुट्याला गेली तेव्हा छबूबाई शेडनेटमध्ये झेंडूचं बी टोकत होत्या. हातात काय आहे ते त्यांना लांबूनच कळलं. हात पुसून त्या पंपघराकडं गेल्या, नव्या वर्षाचं कॅलेंडर खाली काढलं, पेन्सिल शोधली आणि म्हणाल्या, "घाल."